कुठली फांदी आधी बघायची?

नोव्हेंबर १९६६ मध्ये मॉस्को आणि कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड यांच्यात बुद्धिबळाचे चार डाव सुरू झाले. चाली तारेनं जायच्या, उत्तरं तारेनं यायची. ऐन शीतयुद्धाचा काळ, त्यामुळे सामन्याला राष्ट्रीय अब्रूचा रंग होताच. पण पटाच्या दोन्ही बाजूंना माणूस नव्हता. अमेरिकेचा प्रोग्रॅम अ‍ॅलन कोटोक आणि त्याच्या मित्रांनी एमआयटीत विद्यार्थिदशेत लिहिला होता आणि पुढे जॉन मॅकार्थीनं स्टॅनफर्डला तो सुधारला होता. रशियनांचा प्रोग्रॅम मॉस्कोच्या सैद्धांतिक व प्रायोगिक भौतिकी संस्थेतल्या गणितज्ञांचा. त्यांत गिओर्गी आदेल्सन-वेल्स्की होते, व्लादिमिर अर्लाझारोव होते. सुमारे नऊ महिने हे चाललं. रशियनांनी दोन डाव जिंकले, दोन बरोबरीत सुटले.

निकालापेक्षा दोघांच्या पद्धतीतला फरक आपल्या कामाचा आहे. अमेरिकन प्रोग्रॅम माणसासारखा वागायला बघत होता. समोरच्या स्थितीत तीसेक चाली शक्य असल्या तरी त्यातल्या ‘बऱ्या वाटणाऱ्या’ मोजक्याच उचलायच्या, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही, आणि या मोजक्या चालींच्या मागे खोलवर जायचं. रशियन प्रोग्रॅमला अशी आवडनिवड नव्हती. तो नियमात बसणारी प्रत्येक चाल तपासायचा. अर्थात त्यामुळे फार खोल जाणं त्याला परवडत नसे. तरी जिंकला तोच. कारण साधं होतं. ‘बऱ्या वाटणाऱ्या’ चालींच्या यादीतून नेमकी मोक्याची चाल एकदा जरी सुटली, तरी पुढची सगळी खोली पाण्यात जाते.

या दोन वाटा क्लॉड शॅननने १९५०च्या आपल्या लेखातच आखून ठेवल्या होत्या. सगळ्या चाली बघणाऱ्या पद्धतीला त्यानं ‘अ’ प्रकार म्हटलं, निवडक बघणाऱ्या पद्धतीला ‘ब’. त्याचा स्वतःचा कल ‘ब’कडे होता, आणि त्यामागचा हिशोबही त्यानं मांडला होता. एका स्थितीत सरासरी ३० चाली धरल्या तर पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक मिळून जवळजवळ हजार शक्यता होतात. डाव ४० चालींचा धरला तर चाळीस वेळा हजार मांडून ते एकमेकांनी गुणायचे, म्हणजे १ वर १२० शून्यं. या शक्यतांचं चित्र काढलं तर ते झाडासारखं दिसतं: आत्ताची स्थिती हे मूळ, प्रत्येक चाल ही फांदी, तिला फुटलेल्या उत्तरांच्या फांद्या, आणि डाव संपतो किंवा आपण बघणं थांबवतो तिथे पानं. अख्खं झाड कोणालाच बघता येणार नाही, यावर शॅननच्या काळापासून आजपर्यंत कोणाचा वाद नाही. वाद आहे तो कुठला भाग बघायचा यावर.

आधी राजमार्ग बघू, म्हणजे आडवाटा कुठे फुटतात ते कळेल. पानांपाशी पोचलं की स्थितीला गुण द्यायचे: वजीर इतक्याचा, हत्ती इतक्याचा, राजा सुरक्षित आहे की उघडा, प्यादी जोडलेली आहेत की सुटी. मग हे गुण मुळाकडे परत आणायचे. माझी पाळी असेल तिथे मी सर्वांत जास्त गुणांची फांदी घेणार, प्रतिस्पर्ध्याची पाळी असेल तिथे तो मला सर्वांत कमी गुण मिळतील अशी घेणार. ही मिनिमॅक्स पद्धत. तिला खऱ्या अर्थानं चालतं केलं ते अल्फा-बीटा छाटणीनं. भाड्याचं घर शोधताना पहिलं घर पसंत पडलेलं असतं. दुसऱ्या घरी गेल्यावर कळतं की उन्हाळ्यात पाणी येत नाही. आता त्या घराची गॅलरी, शेजार, देवळाचं अंतर काही बघायची गरज उरत नाही. पहिल्यापेक्षा ते वाईट आहे एवढं कळलं, किती वाईट ते कळून उपयोग काय? अल्फा-बीटा हेच करते. एखाद्या चालीला प्रतिस्पर्ध्याचं एक जरी खणखणीत उत्तर सापडलं, तरी त्याची बाकीची उत्तरं न बघता ती चाल सोडून देते. उत्तर मात्र मिनिमॅक्सचंच मिळतं, तसूभरही फरक न पडता.

यातून वाचतं किती? डोनाल्ड नूथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ मध्ये याचा चोख हिशोब दिला. प्रत्येक ठिकाणी ३० चाली आणि सहा अर्धचालींची खोली (एका बाजूची खेळी म्हणजे एक अर्धचाल) धरली तर पानं होतात ७२ कोटी ९० लाख. चालींचा क्रम अगदी मनासारखा लागला, म्हणजे प्रत्येक वेळी सर्वांत चांगली चालच आधी तपासली गेली, तर अल्फा-बीटाला बघावी लागतात फक्त ५३,९९९. आकडा पुन्हा वाचावा असाच आहे. क्रम उलटा लागला तर मात्र वाचत काहीच नाही. म्हणूनच बुद्धिबळाचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक गेली पन्नास वर्षं ‘कुठली चाल आधी तपासायची’ याच एका प्रश्नावर घासत आहेत. १९७३ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डेव्हिड स्लेट आणि लॅरी अ‍ॅटकिन यांनी निवडक चालींचा आपला जुना प्रोग्रॅम टाकून दिला आणि सगळ्या चाली बघणारा नवा लिहिला. तो आधीच्यापेक्षा सरस निघाला. तिथून पुढे, सेकंदाला २० कोटी स्थिती तपासणाऱ्या ‘डीप ब्लू’नं मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवलं तिथपर्यंतचा रस्ता जवळजवळ सरळ आहे.

पण या राजमार्गाला दोन ठिकाणी खड्डे आहेत, आणि इथून पुढची सगळी कथा त्या खड्ड्यांची आहे.

पहिला खड्डा खोलीचा. ठरावीक खोलीवर बघणं थांबवलं की त्यापलीकडचं यंत्रापुरतं अस्तित्वातच नसतं. समजा, माझा उंट कोंडला गेलाय, आज ना उद्या मारला जाणार. यंत्राच्या लक्षात येतं की मध्येच एक प्यादं फुकट देऊन शह दिला तर उंट पडायच्या आत दोन अर्धचाली वाढतात. पडझड नजरेच्या टप्प्याबाहेर गेली, म्हणजे यंत्राच्या लेखी उंट वाचला! मग आणखी एक प्यादं, आणखी एक शह. शेवटी उंटही जातो आणि दोन प्यादीही. या रोगाला ‘क्षितिज परिणाम’ हे नाव दिलं हान्स बर्लिनर यांनी. बर्लिनर हे १९६५ ते ६८ पत्रव्यवहाराच्या बुद्धिबळाचे जगज्जेते. एकेका चालीवर दिवसेंदिवस डोकं घालणारा हा माणूस संगणकशास्त्रात आला तेव्हा यंत्राची ही आंधळी समदृष्टी त्याला खटकणारच होती.

दुसरा खड्डा जास्त धोक्याचा. पानाला गुण द्यायचे कसे, हे माहीत असेल तरच सगळा डोलारा उभा राहतो. तेच माहीत नसेल तर?

त्याकडे नंतर येऊ; आधी पहिला खड्डा. त्यावर बर्लिनर यांचा उपाय १९७९चा, नाव ‘बी-स्टार’. त्यांनी प्रश्नच बदलला. मला प्रत्येक चालीची किंमत जाणून घ्यायची नाही, सर्वांत चांगली चाल कुठली एवढंच हवंय. म्हणून प्रत्येक स्थितीला एक गुण देण्याऐवजी दोन द्यायचे: सगळं मनासारखं झालं तर किती, आणि सगळंच फिसकटलं तर किती. एका चालीचा वाईटात वाईट आकडा बाकी सर्व चालींच्या चांगल्यात चांगल्या आकड्याइतका झाला की थांबायचं. तिथवर पोचायचे दोन रस्ते आहेत. आघाडीच्या चालीत आणखी खोल जाऊन तिचा खालचा आकडा वर आणायचा, किंवा तिच्या प्रतिस्पर्धी चालींत शिरून त्यांचा वरचा आकडा खाली पाडायचा. त्या क्षणी जे स्वस्त पडेल ते. नियमात एकच चाल बसत असेल तर बी-स्टार क्षणभरही विचार करत नाही. मोजून ठरावीक खोली गाठणाऱ्या यंत्रापेक्षा हे किती शहाणपणाचं! कल्पना म्हणून मला ही सगळ्यांत देखणी वाटते. पण भरवशाचा ‘चांगल्यात चांगला’ आणि ‘वाईटात वाईट’ आकडा काढणं हे एक आकडा काढण्यापेक्षा अवघड निघालं, आणि बुद्धिबळात बी-स्टारला आपलं बस्तान कधी बसवता आलं नाही. बर्लिनर यांच्याच ‘हायटेक’ या यंत्राचं नाव झालं ते सरळसोट ताकदीनं शोधण्यासाठी.

त्याच वर्षी जॉर्ज स्टॉकमन यांनी ‘एसएसएस-स्टार’ मांडली. झाडाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याऐवजी, दर क्षणी जी वाट सर्वांत आशादायक दिसते तिच्याकडे उडी मारायची. कागदोपत्री ही अल्फा-बीटापेक्षा कमी पानं बघते हे सिद्ध झालं, आणि पंधरा-सोळा वर्षं पाठ्यपुस्तकांतून एकच वाक्य फिरत राहिलं: चांगली आहे, पण स्मृती फार खाते आणि समजायला किचकट आहे. मग नव्वदच्या दशकाच्या मध्यात रॉटरडॅमच्या आस्के प्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची गाठ सोडवली. त्यांनी दाखवलं की अल्फा-बीटालाच पुन्हापुन्हा एक हो-नाहीचा प्रश्न विचारला (‘या स्थितीची किंमत अमुक आकड्याहून जास्त आहे का?’) आणि आधी तपासलेल्या स्थिती एका तक्त्यात जपून ठेवल्या, तर एसएसएस-स्टार ज्या क्रमानं पानं बघते नेमक्या त्याच क्रमानं ती बघितली जातात. म्हणजे इतकी वर्षं ज्याला पर्याय समजत होते तो अल्फा-बीटाच होता, वेश पालटलेला. या शोधातून निघालेली ‘एमटीडी-एफ’ ही पद्धत जेमतेम दहा ओळींत बसते.

पर्यायांच्या या गर्दीत एक नाव मात्र हटकून लक्षात राहतं: ‘कॉन्स्पिरसी नंबर्स’, कटाचे आकडे. १९८८ मध्ये डेव्हिड मॅकअ‍ॅलिस्टर यांनी विचारलं की मुळाशी आलेलं उत्तर बदलायचं असेल तर किती पानांना एकत्र कट करून आपापली किंमत बदलावी लागेल? एकाच पानाच्या चुकीनं उत्तर फिरत असेल तर ते उत्तर कच्चं, तिथे अजून शोधा. वीस पानं एकदम चुकली तरच फिरत असेल तर पक्कं, पुढे चला. हा विचार बुद्धिबळात फार चालला नाही, पण त्याच्या पोटी जे जन्मलं त्यानं आख्खे खेळ संपवले.

नेदरलँड्सचे व्हिक्टर अ‍ॅलिस हे त्याचे जनक. १९८८च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ‘कनेक्ट फोर’ हा सात रकाने आणि सहा ओळींचा खेळ सोडवला. पहिल्यानं मधल्या रकान्यात सोंगटी टाकली की तो हमखास जिंकतो. (अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलन यांनी स्वतंत्रपणे तेच उत्तर काढलं होतं, तेही त्याच महिन्यात, अ‍ॅलिसच्या काही दिवस आधी.) पुढे १९९४च्या प्रबंधात अ‍ॅलिस यांनी ‘प्रूफ नंबर’ शोधपद्धती सविस्तर मांडली. इथे गुण वगैरे काही नाहीत. प्रश्न एकच: मी जिंकतो हे सिद्ध करता येतं का? आणि दर पावलाला दुसरा: सिद्ध करायला सर्वांत कमी काम कुठे आहे?

हे जवळून बघण्यासारखं आहे. माझी पाळी आहे, माझ्यापुढे दोन चाली आहेत. एकीत घोडा शांतपणे पुढे येतो. त्यावर प्रतिस्पर्ध्याला २० उत्तरं आहेत. दुसरीत मी शह देतो. त्यावर त्याच्या राजाला पळायला दोनच घरं. घोड्याच्या चालीनं मी जिंकतो हे सिद्ध करायचं तर वीसच्या वीस उत्तरं खोडावी लागतील, म्हणून तिचा प्रूफ नंबर २०. शहाचा २. प्रतिस्पर्ध्याची पाळी असेल तिथे बेरीज, कारण त्याचं प्रत्येक उत्तर खोडायला हवं. माझी पाळी असेल तिथे सर्वांत लहान आकडा, कारण मला एकच जिंकणारी चाल पुरते. म्हणून आधी शह. आता पहिल्या घरात पळालेल्या राजाचा माग काढताना कळलं की तिथे मला सर्वांत स्वस्त पडणारी चालही १५ची आहे. शहाचा आकडा झाला १५ अधिक १, म्हणजे १६. अजूनही वीसपेक्षा कमी, तिथेच राहा. मग दुसऱ्या घरातही गुंता वाढून १ चे ९ झाले. बेरीज २४. आता घोड्याची चाल स्वस्त, शोध तिकडे उडी मारतो. याला कुणी बुद्धिबळ शिकवलेलं नाही, तरी शहामागून शह देत राजाला कोंडण्याची खेळाडूची खोड त्याच्यात आपोआप आली. प्रतिस्पर्ध्याचे हातपाय बांधणारी चाल आधी बघा, हे त्या बेरजेतच दडलंय. तंतोतंत असाच एक आकडा ‘जिंकत नाही’ हे सिद्ध करण्यासाठीही ठेवतात.

या पद्धतीला कमी उत्तरांच्या अरुंद पण लांबलचक वाटा फार मानवतात. जपानी शोगी या खेळात मात करायची कोडी असतात, आणि त्यांतलं ‘मायक्रोकॉझमॉस’ नावाचं कोडं १,५२५ चालींचं आहे. अल्फा-बीटानं तिथवर पोचण्याची बातच नको. प्रूफ नंबरच्याच वंशातल्या, मासाहिरो सेओ यांच्या प्रोग्रॅमनं ते सोडवलं.

या वाटेवरचा सर्वांत मोठा विजय चेकर्सचा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे जोनाथन शेफर यांनी १९८९ मध्ये ‘चिनूक’ हा प्रोग्रॅम हाती घेतला तो मॅरियन टिन्स्ली यांना हरवण्यासाठी. टिन्स्ली हे गणिताचे प्राध्यापक, आणि चाळीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच डाव हरलेला खेळाडू. १९९२ मध्ये लंडनला टिन्स्ली चार डाव जिंकले, चिनूक दोन, तेहतीस बरोबरीत. १९९४ मध्ये बोस्टनला पुन्हा गाठ पडली. सहा डाव बरोबरीत सुटल्यावर टिन्स्लींनी तब्येतीपायी माघार घेतली, आणि पुढच्याच वर्षी कर्करोगानं ते गेले. शेफर यांना हवा होता तो विजय आता कधीच मिळणार नव्हता. मग त्यांनी तो माणसाकडून मिळवण्याचा नाद सोडून खेळाकडूनच मिळवायचं ठरवलं. पटावर दहा किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या आहेत अशा सगळ्या स्थितींचा, सुमारे ३९ लाख कोटी, निकाल आधीच काढून ठेवला. वरून प्रूफ नंबर शोध खाली उतरत होता, खालून हा साठा वर येत होता. २००७ मध्ये दोघे भेटले. दोन्हीकडून बिनचूक खेळ झाला तर चेकर्स बरोबरीत सुटतो. खेळात एकंदर स्थिती ५ वर २० शून्यं इतक्या. सिद्ध करायला त्यांतल्या १ वर १४ शून्यं एवढ्याच तपासाव्या लागल्या.

आता दुसऱ्या खड्ड्याकडे येऊ, म्हणजे गो या खेळाकडे. १९ गुणिले १९ रेघांचा पट, ३६१ छेदबिंदू, काळ्या-पांढऱ्या गोट्या. नियमात बसणाऱ्या स्थितींची नेमकी संख्या जॉन ट्रॉम्प यांनी २०१६ मध्ये काढली; ती १७१ अंकी आहे. पण गोचा खरा त्रास झाडाच्या आकाराचा नव्हे, पानाला गुण देण्याचा आहे. इथे वजीर नाही, हत्ती नाही, सगळ्या गोट्या सारख्या. एखादा समूह जिवंत आहे की मेलेला, हे कधीकधी शंभर चालींनंतर कळतं. परिणाम असा की कास्पारोव्ह हरल्यावर वर्षभरानं, १९९८ मध्ये, मार्टिन म्युलर या संशोधक खेळाडूनं त्या वेळच्या नावाजलेल्या ‘मेनी फेसेस ऑफ गो’ या प्रोग्रॅमला २९ गोट्यांची सूट देऊन हरवलं. बुद्धिबळात एवढी सूट द्यायला सोंगट्याच पुरणार नाहीत.

उत्तर आलं ते पत्त्यांच्या डावातून. १९४६ मध्ये आजारातून उठत असलेले गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम एकटेच पेशन्स खेळत बसले होते. हा डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणितानं काढायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. मग मनात आलं, शंभर डाव खेळून किती सुटतात ते मोजलं तर? याच विचारातून लॉस अलामॉसला मॉन्टे कार्लो पद्धत उभी राहिली. १९९३ मध्ये बर्न्ड ब्रुगमन या भौतिकशास्त्रज्ञानं ती गोवर लावून पाहिली. स्थितीला गुण देता येत नाहीत ना? मग देऊच नका. तिथून पुढचा डाव नशिबावर सोडा, दोन्ही बाजूंनी वाटेल तशा चाली टाकत शेवटपर्यंत न्या, कोण जिंकलं ते लिहा, आणि हे हजारो वेळा करा. गोच्या जाणत्यांना यात थट्टाच वाटली असेल तर दोष देता येणार नाही. वेड्यासारखे खेळलेले हजार डाव मिळून शहाणपण कसं होणार? पण वेडेपणा दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो बराचसा वजा होतो आणि स्थितीचा मूळ कल तेवढा उरतो.

उरला होता एकच प्रश्न: हे नशिबाचे डाव कुठल्या फांदीवर खर्च करायचे? २००६ मध्ये याला दोन ठिकाणांहून उत्तर आलं. फ्रान्सच्या रेमी कूलॉम यांनी ‘क्रेझी स्टोन’ हा प्रोग्रॅम लिहिला, त्या पद्धतीला ‘मॉन्टे कार्लो ट्री सर्च’ म्हटलं, आणि त्याच वर्षी तुरिनच्या संगणक ऑलिम्पियाडमध्ये नऊ बाय नऊच्या पटावर सुवर्णपदक नेलं. हंगेरीच्या लेवेंते कोचिश आणि चाबा सेपेश्वारी यांनी त्यामागचं नेटकं सूत्र दिलं, ‘यूसीटी’. सूत्राचं मूळ जुगाराच्या यंत्रांच्या एका प्रसिद्ध गणितात आहे. अनेक यंत्रं समोर आहेत, कुठलं जास्त पैसे देतं माहीत नाही. आत्तापर्यंत बरं निघालेल्या यंत्रावरच चिकटून राहायचं की कमी वापरलेल्यालाही संधी द्यायची?

आकड्यांत बघू. शंभर डाव खेळून झालेत. ‘क’ चालीवर ६०, त्यांत ३६ विजय. ‘ख’वर ३०, विजय १६. ‘ग’वर फक्त १०, विजय ५. सरासरी बघितली तर ‘क’ पुढे: ०.६०, ०.५३, ०.५०. पण सूत्र सरासरीत एक भर घालतं, जी त्या चालीवर डाव कमी झाले असतील तितकी जास्त असते. नेहमीच्या सूत्रानं ही भर ‘क’ला ०.३९, ‘ख’ला ०.५५, ‘ग’ला ०.९६. एकूण ०.९९, १.०९ आणि १.४६. पुढचा डाव ‘ग’वर! समजा ‘ग’नं लागोपाठ दोन जिंकले आणि मग सात हरले. आता तिचे १९ डावांत ७ विजय, एकूण आकडा १.०७ वर घसरतो, आणि ‘ख’चा नंबर लागतो. कुठलीही चाल कायमची खोडली जात नाही, फक्त तिची पाळी लांबत जाते. अल्फा-बीटाच्या कात्रीपेक्षा ही वागणूक अगदी निराळी. हेच दर फांदीवर, खालपर्यंत. झाड मग एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला खुरटं असं वाढतं; शॅननला हवा होता तो ‘ब’ प्रकार शेवटी असा आला, पण चाली आधीच गाळून नव्हे, मोजत मोजत.

२००८ मध्ये ‘मोगो’ या प्रोग्रॅमनं कोरियाचे व्यावसायिक खेळाडू किम म्युंगवान यांना नऊ गोट्यांची सूट घेऊन हरवलं. नऊ गोट्या म्हणजे पुष्कळच. पण दहा वर्षांपूर्वी एकोणतीसही पुरत नव्हत्या. पुढची झेप ‘अल्फागो’ची. डीपमाइंड या कंपनीच्या लोकांनी झाड तेच ठेवलं आणि त्याला दोन चेतापेशीजाळी जोडली. एक सांगतं की या स्थितीत कुठल्या चाली बघण्याजोग्या आहेत, दुसरं सांगतं की ही स्थिती कोणाच्या बाजूची आहे. मार्च २०१६ मध्ये सोलला गोचे दिग्गज खेळाडू ली सेडोल त्याच्याकडून चार-एक हरले. दुसऱ्या डावातली सदतिसावी चाल गाजली, आणि तिची एक बाजू शोधाच्या दृष्टीनं फार महत्त्वाची आहे. माणूस ही चाल खेळण्याची शक्यता पहिल्या जाळ्यानं दहा हजारांत एक धरली होती. म्हणजे अंतःप्रेरणा ‘नको’ म्हणत होती. झाडात शिरल्यावर, डाव मोजल्यावर ती चाल वर आली. लोक अल्फागोचं श्रेय सरसकट जाळ्यांना देतात ते मला म्हणूनच अर्धवट वाटतं. ऑक्टोबर २०१७च्या ‘अल्फागो झीरो’मध्ये तर नशिबाचे डाव पार काढूनच टाकले, जाळ्याचा अंदाज पुरला. मॉन्टे कार्लो हे आडनाव मात्र अजून टिकून आहे.

त्याच वर्षाअखेर ‘अल्फाझीरो’ बुद्धिबळात उतरला. सेकंदाला ८० हजार स्थिती बघणाऱ्या या प्रोग्रॅमनं सेकंदाला ७ कोटी बघणाऱ्या ‘स्टॉकफिश’ला मागे टाकलं. सामन्याच्या अटींवर तेव्हा पुष्कळ तक्रारी झाल्या. पण राजमार्गवाल्यांची झोप उडाली हे खरं.

मग बुद्धिबळ आता मॉन्टे कार्लोचंच का झालं नाही? रघुराम रामानुजन, आशिष सबरवाल आणि बार्ट सेलमन यांनी २०१०च्या अभ्यासात याचं कारण दाखवलं होतं: सापळे. बुद्धिबळात एका चालीवर प्रतिस्पर्ध्याची २९ उत्तरं माझ्या फायद्याची आणि तिसावं थेट मात, असं सर्रास घडतं. सरासरी काढणारा शोध सुरुवातीला २९ बघून खूष होतो. ते एक उत्तर नजरेत भरून सरासरी खाली यायला वेळ लागतो. अल्फा-बीटाला हे तिसावं उत्तर दिसल्याशिवाय राहतच नाही. गोमध्ये असे उथळ सापळे विरळा, म्हणून तिथे सरासरी चालून गेली.

स्टॉकफिशनं पराभवातून झाड बदललं नाही, पानं बदलली. जपानच्या यु नासु यांनी २०१८ मध्ये शोगीसाठी एक छोटं जाळं तयार केलं होतं. ते साध्या प्रोसेसरवर चालतं आणि एक सोंगटी हलली की नव्यानं सगळा हिशोब न करता फरकापुरताच करतं. हे ‘एनएनयूई’ २०२० मध्ये स्टॉकफिशला जोडलं गेलं. आतली छाटणी अल्फा-बीटाचीच राहिली, गुण मात्र जाळं देऊ लागलं. अल्फाझीरोच्या वळणावर बांधलेला ‘लीला’ आणि हा नवा स्टॉकफिश यांच्या लढती आजही चालतात, आणि वरचढ बहुतेक वेळा स्टॉकफिशच ठरतो.

जिंकणं आणि सिद्ध करणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ली सेडोलला हरवणाऱ्या झाडाला विचारलं की १९ बाय १९च्या पटावर दोघेही बिनचूक खेळले तर कोण जिंकतं, तर ते टक्केवारी सांगेल, निकाल नाही. निकाल लागलाय तो फार छोट्या पटांचा. पाच बाय पाचचा पट २००२ मध्ये नेदरलँड्सच्या एरिक व्हान डर वर्फ यांच्या प्रोग्रॅमनं सोडवला, आणि तोही जुन्या अल्फा-बीटानं. काळ्यानं पहिली गोटी मधोमध ठेवली की अख्खा पट त्याचा होतो, २५ पैकी २५.